कुठल्याच रजिस्टरात नसलेल्या नऊ जणी

१९५७ सालातला, पौषातला एक सोमवार. मी सोनपेठच्या पोलीस ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीतल्या गोधड्या आणि पोती अंगणात उन्हाला टाकत होते. त्यांत कसर झाली होती, आणि असली कामं ठाण्यात आपोआप माझ्याकडेच येत. निम्मी पोती बाहेर आली असतील, तेवढ्यात फौजदार साहेबांनी आतून हाक मारली आणि एक पाकीट माझ्या हातात दिलं. त्या पाकिटाची चीड मला अजून येते. नोकरीत मी चोर पाहिले, मारेकरी पाहिले. त्यांच्यावरचा राग प्रकरणाबरोबर फाइलीत बांधला जातो. हा राग फाइलीत गेला नाही.

त्या वेळी मी जमादार होते. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस कारवाईत निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर बायकांच्या झडत्या घ्यायला आणि बायकांचे जबाब लिहायला ठाण्यात एक बाई हवी, म्हणून मला घेतलेलं. उर्दू मदरशात शिकल्यामुळे मला उर्दू वाचता येई. आमचा परभणी जिल्हा मुंबई राज्यात जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. कागद मराठीत येऊ लागले होते, पण कपाटातली जुनी दप्तरं उर्दूतच होती आणि ती वाचायला मलाच बोलावत.

पाकिटात एक निनावी अर्ज होता. गोदावरीच्या काठच्या, सोनपेठपासून चार कोसांवरच्या एका गावाने मुंबईच्या धर्मादाय संस्थेकडे दवाखान्यासाठी मदत मागितली होती. एक खोली आणि कायम राहणारी एक नर्स, एवढीच मागणी. संस्थेच्या छापील फॉर्मात सातवा रकाना होता : गेल्या दहा वर्षांत उपचाराअभावी झालेले मृत्यू, नावानिशी, पुराव्यासह. गावाने त्यात बाळंतपणात गेलेल्या नऊ बायकांची नावं लिहिली होती. निनावी अर्जदाराचं म्हणणं असं की रकाना सातमधली यादी तपासावी, अशा बायका मेल्याची सरकारी नोंदच नाही, आणि संस्थेची फसवणूक ठरल्यास यादी लिहिणारा शाळामास्तर व नावं सांगणारी सुईण यांच्यावर कारवाई व्हावी. त्याची नक्कल संस्थेलाही गेली होती. संस्थेने ठाण्याला विचारलं होतं की खरं काय ते महिनाअखेरच्या सभेच्या आत कळवा, नाही तर अर्ज निकालात काढू.

फौजदार साहेब माणूस वाईट नव्हते, पण घाईचे होते. त्यांनी एका शिपायाला गावी पाठवून पोलीस पाटलाकडून जन्ममृत्यूचं रजिस्टर आधीच वाचून घेतलं होतं. दहा वर्षांत त्या नऊपैकी एकही नाव नाही. मास्तरांना सकाळपासून ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं होतं.

"सरळ चारशेवीस आहे," साहेब म्हणाले. "सुईण यायलीय. तिचा जबाब तुम्ही घ्या. बाईमाणूस आहे, दोन शब्द दरडावले की कबूल करेल."

मी आधी मास्तरांकडे गेले. तिशीचा, सडपातळ माणूस. गुन्हा दाखल झाला की नोकरीतून निलंबित करू, असं शाळा तपासनिसाने त्यांना कळवून ठेवलं होतं.

"यादी तुम्ही लिहिलीत?"

"अक्षर माझं आहे. नावं मावशीनं सांगितली."

"खात्री केली होती?"

"दोघी तर माझ्यासमोर गेल्या, बाई. एकीला आम्ही गाडीत घालून सोनपेठच्या रस्त्याला लागलो होतो. ओढ्यापर्यंत पोचलो. तिथून गाडी परत फिरवली." मग म्हणाले, "म्हणून तर फॉर्म मागवला. मला काय माहीत होतं, असल्या कामासाठी पोलिसात यावं लागेल."

दुपारी सुईण आली. साठीच्या पुढची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, चार कोस चालत आलेली. साहेबांनी खुर्ची दाखवली, तर ती खाली फरशीवर बसली.

"वर बस की," साहेब म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. खुर्चीत बसून बोलायची सवय न्हाई मला. खुर्चीतले लोक काय बी बोलतेत."

साहेब उठून बाहेर गेले. शिपाई खिडकीकडे तोंड करून हसला.

मी विचारलं, "मावशी, पाटलाच्या रजिस्टरात यातलं एकही नाव नाही. कसं?"

"पाटलानं लिवलं न्हाई मनून त्या मेल्या न्हाईत व्हय?"

"मी तसं म्हणत नाही. का लिहिलं नाही ते विचारतेय."

"ते त्यालाच इचारा. त्यानं त्याच्या घरातली तरी कुठं लिवली? यादीतलं तिसरं नाव वाचा. कुणाची लेक हाय ती, इचारा त्याला."

मी यादी उघडली. तिसऱ्या नावापुढे वय एकोणीस लिहिलेलं होतं.

"पाटलाची मुलगी?"

"एकुलती एक. दोन दिस अडली होती. म्या पाटलाच्या पाया पडले, म्हनलं गाडी जुंपा, तालुक्याला न्या. त्यो म्हनला, जावयाकडून निरोप येऊ द्या. निरोप यायच्या आधी ती गेली." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुमी लिवून घ्यायलाव का नुसतं ऐकायलाव?"

मी लिहून घेतलं. दरडावायची वेळ आली नाही. पुरावा काय, असं विचारलं तर म्हणाली, "पुरावा? जाळल्या त्या. राख नदीत गेली. जावयांनी वरीस सरायच्या आत दुसऱ्या केल्या. झाला की पुरावा."

तिचा अंगठा घेतला, रोजनामच्यात नोंद केली आणि तिला घरी जाऊ दिलं. साहेबांना ते पटलं नाही. मी म्हटलं, साहेब, साठीची म्हातारी चार कोस चालत स्वतः हजर होते, ती कुठं पळून जाणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी पाटलाकडे गेले. मोठं घर, ओसरीवर तक्क्या. रजिस्टर त्याने लगेच काढून दिलं. उर्दूतली पानं मी एकेक करून वाचली. गावातल्या म्हाताऱ्यांचे मृत्यू होते, लहान पोरांचे होते, पटकीत गेलेले होते. गावच्या सुनाही होत्या. लग्न झालेली मुलगी एकही नव्हती.

"तुमच्या मुलीची नोंद कुठं आहे, पाटील?"

त्याने पाठीमागचा तक्क्या सरळ केला. मग म्हणाला, "लगीन झालेली लेक सासरच्या गावची असती, बाई. तिची नोंद तिकडल्या पाटलानं करायची."

तिचं सासर तीन कोसांवर होतं. मी तशीच पुढे गेले आणि तिथल्या पाटलाला तेच विचारलं. तो म्हणाला, "बाई, मयत आमच्या शिवारात झालं न्हाई. जिथं मयत तिथं नोंद. आमी कशी करावी?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत. मुलगी सातव्या महिन्यात माहेरी येणार, तिथे अडणार, तिथेच जाणार. माहेरचा पाटील म्हणणार ती आमची नाही, सासरचा म्हणणार ती इथे मेली नाही. शिपायाने रजिस्टर पाहून 'असे मृत्यू नाहीत' असा जो रिपोर्ट दिला होता, त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला तो सहन होईना. नऊ मुली गेल्या होत्या आणि सरकारला त्या कधी मेल्याच नव्हत्या. तिकडे मुंबईत कुणी शहाण्या माणसाने फॉर्म छापताना धरून चाललेलं, की माणूस मेला म्हणजे कुठेतरी लिहिला जातोच.

परत येऊन विचारलं, तर माहेरचा पाटील लेखी जबाब द्यायला तयार होईना. मृत्यूची नोंद दडवली असं निघालं तर पाटीलकी जाईल ही त्याला भीती. गावात कुणी त्याच्याविरुद्ध बोलेना. मुलींचे बाप, भाऊ, सगळे 'पाटलाला इचारा' म्हणून गप्प. एका आईने दाराआडून माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. महिनाअखेरीला नऊ दिवस उरले होते. गावात एकही जबाब मिळत नव्हता आणि सुईणीच्या अंगठ्यावर साहेब रिपोर्ट पाठवणार नव्हते.

परत येताना बैलगाडीत सुईणीचं वाक्य डोक्यात फिरत होतं : जावयांनी दुसऱ्या केल्या. त्यातूनच वाट सापडली.

आमच्या भागात पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरं लग्न केलं, की दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घालतात. टाक म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठसवलेली. काही घरांत तो देव्हाऱ्यात ठेवतात आणि सणाला तिला आधी नैवेद्य दाखवतात. थोरलीचा कोप होऊ नये, हा त्यातला हेतू. इतकी वर्षं बायकांच्या झडत्या घेऊन गळ्यातला प्रत्येक मणी मला ओळखू येई. टाक दिसला की ही बाई दुसरेपणाची, हे नाव विचारायच्या आधी कळे. साहेबांना आणि शिपायांना ते कळायचं कारण नव्हतं. त्यांना बायकांच्या गळ्याकडे पाहायची परवानगी नसते आणि देव्हाऱ्याकडे पाहायची सवय नसते.

पुढचे सहा दिवस मी त्या जावयांची गावं पालथी घातली. एसटी जिथवर जाई तिथवर एसटीने, पुढे गाडी, नाही तर पायी. प्रत्येक घरी गावचे दोन पंच बोलवायचे, टाक पाहायचा, पंचनामा करायचा, बाईचा जबाब घ्यायचा, अंगठा घ्यायचा. पुरुष आधी गुरगुरत. मी म्हणायची, "तुमच्याविरुद्ध काही नाही. तुमच्या बायकोशी काम आहे, दोन पंचांसमोर, पाचच मिनिटं."

राणीसावरगावच्या बाजूच्या एका वाडीत एक विशीतली सून भाकरी थापत होती. पोट पुढे आलेलं. मी टाक दाखव म्हटलं. तिने पिठाचे हात पुसले आणि गळ्यातला काळा दोरा वर काढला.

"ही कोण?"

"थोरली."

"तू पाहिलीस तिला?"

"न्हाई. म्या आले तवा ती व्हतीच कुठं."

"मग कशानं गेली ते तुला काय ठाऊक?"

तिला माझा प्रश्न बावळटपणाचा वाटला असावा. "रोज हळद-कुंकू वाहते की तिला. मला ठावं नसंल तर कुणाला असंल? म्हायेरी गेली व्हती बाळंतपणाला. तिसऱ्या दिशी गेली. लेकरू बी गेलं." मग टाक परत आत टाकत म्हणाली, "मला बी सातवा लागला. माजं बी म्हायेर तिकडंच हाय, नदीकाठाला."

सासू ओरडली, "लय बोलायलीस. भाकर करपायलीय."

तिने भाकरी उलटली आणि सासूकडे न पाहता मला विचारलं, "बाई, ती नर्स खरंच येणार हाय का?"

मी म्हटलं, कागद पाठवते, पुढचं माझ्या हातात नाही. पोलिसाने याहून जास्त कबूल करू नये, हा माझा नियम होता. त्या दिवशी तो नियम मला अतिशय भिकार वाटला.

सात जावयांनी दुसरी लग्नं केली होती. सहा टाक मिळाले. सातव्या घराने दार लावून घेतलं, ते मी तसंच लिहिलं. एकाने दुसरी केलीच नव्हती. त्याने स्वतः जबाब दिला आणि शेवटी विचारलं, आता का विचारता? एक जण ऊसतोडीला गेलेला, तो भेटला नाही.

दरम्यान मला एक साधी गोष्ट खटकत होती. निनावी अर्जात 'रकाना सात' असे शब्द होते. ज्याने तो फॉर्म हातात धरला नाही, त्याला रकान्याचा नंबर कसा ठाऊक? संस्थेला तार करून विचारलं तर उत्तर आलं, आमच्या तालुक्यात दोनच फॉर्म गेले होते. एक मास्तरांना आणि एक तालुक्याच्या गावच्या एका बड्या पुढाऱ्याला. त्यालाही दवाखाना हवा होता, स्वतःच्या जागेत, स्वतःच्या वडिलांच्या नावाचा. संस्था तालुक्यात एकच अर्ज मंजूर करणार होती.

मी त्याच्या घरी गेले. त्याने चहा मागवला. मी घेतला नाही.

"तो अर्ज तुम्ही लिहिला."

"सही आहे का माझी?" तो हसत म्हणाला. "आणि समजा कुणी लिहिला असेल, तर त्यात खोटं काय आहे? नोंद नाही हे खरं की नाही? मी तर म्हणतो, नियमानं चालावं. तुम्ही पोलीस, तुम्हाला हे मी सांगावं?"

"त्या नऊ मुली मेल्या हे तुम्हाला माहीत होतं?"

"बाई, खेड्यात बायका मरतातच. दवाखाना तालुक्याला झाला तर सगळ्यांचीच सोय."

सगळ्यांची. चार कोस आणि मधला ओढा धरून. मी उठले. त्याच्यावर कुठलं कलम लागत नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. अर्जात लिहिलेलं सगळं शब्दशः खरं होतं. चोर खोटं बोलला की पकडता येतं. खऱ्याचा असा वापर करणाऱ्याला पकडायचं कलम माझ्या नोकरीत निघालं नाही.

साहेबांनी माझा रिपोर्ट वाचून कपाळाला हात लावला. "टाक? मुंबईला टाकाचे पंचनामे पाठवू? हसतील ते."

"साहेब, घरफोडीच्या खटल्यात चांदीच्या दागिन्यावरून आपण ओळख पटवतो. मॅजिस्ट्रेट ते मानतो. चोरीला चालतं, ते मरणाला का चालू नये?"

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सहा पंचनामे, जबाब, दोन्ही पाटलांनी सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहिलेलं. मग एकही शब्द न बदलता सही केली. "मास्तरला सांगा, शाळेत जाऊन पोरं शिकव म्हणावं," एवढंच म्हणाले. म्हणून म्हटलं, माणूस वाईट नव्हता.

संस्थेने गावाचा अर्ज मंजूर केला. भाद्रपदात खोली उभी राहिली आणि नर्स आली. उद्घाटनाला बंदोबस्तासाठी मला पाठवलं. मांडवातल्या मधल्या खुर्चीत कोण बसलं होतं? तोच पुढारी. फीत त्याने कापली, हार त्याला घातला, आणि माताभगिनींच्या आरोग्यावर तो अर्धा तास बोलला. या भागातल्या मातांचे हाल पाहून माझं मन हेलावत असे, असं म्हणाला. मास्तर पोरांना रांगेत बसवत होते. सुईण मागे, मांडवाच्या खांबाला टेकून जमिनीवर बसली होती. मी तिच्याजवळ गेले.

"मावशी, पुढं चला की."

"कशाला? हितून बी ऐकू यायलंय." थोड्या वेळाने म्हणाली, "नर्सबाई चांगली हाय. हात स्वच्छ धुती. म्या बगितलं."

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नंतर बरेच जण विचारत. रजिस्टरात नाव नाही याचा अर्थ तसं घडलं नाही, असा मी त्यानंतर कधी लावला नाही. लिहिणाऱ्याला ते माणूस आपलं वाटलं नाही, एवढाच अर्थ मी त्यातून घेऊ लागले, आणि प्रत्येक कोऱ्या रकान्यापाशी थांबून विचारू लागले की हे कुणाचं काम होतं. दुसरं म्हणजे, ज्या बायकांना कुणी साक्षीदार मानत नाही त्यांच्याकडे आधी जायचं. पुढच्या नोकरीत याचा मला फार उपयोग झाला. पण शिकले म्हणून राग कमी झाला, असं झालं नाही. त्या दिवशी मांडवात टाळ्या वाजत होत्या आणि त्या नऊ जणी अजूनही कुठल्याच सरकारी कागदावर मेलेल्या नव्हत्या. माझा रिपोर्ट संस्थेच्या फाइलीत होता. गावाच्या रजिस्टरात काहीच नव्हतं.

उशिराची नोंद करायची सोय नियमात होती. ती वापरायला कुणी आलं नव्हतं, इतकंच. तहसीलदाराचा लेखी हुकूम मी आठ दिवसांपूर्वीच घेऊन ठेवला होता. रात्री नर्सच्या खोलीत मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटलाच्या ओसरीवर गेले, हुकूम त्याच्यासमोर ठेवला आणि रजिस्टर काढायला सांगितलं. तो म्हणाला, "आता लिवून काय उपेग, बाई?" मी म्हटलं, उपयोग तुम्ही नका बघू, तुम्ही लिहा. त्याने दौत ओढली. पहिलं नाव मी सांगणार, तेवढ्यात त्याने स्वतःच आपल्या मुलीचं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, वय लिहिलं. मरणाच्या कारणाशी आला आणि सवयीने 'ताप' लिहून गेला. मी ते खोडायला लावलं, शेजारी 'बाळंतपणात, उपचार नाही' असं लिहवून घेतलं, खाडाखोडीवर त्याची सही घेतली, आणि पुढचं नाव सांगितलं.